उरलेल्या लोकरीतून बाळासाठी काय विणू? (बाळ मे महिन्यात, तेही नागपुरात)

सुलट_उलट

नमस्कार मंडळी. माझ्या नणंदेच्या लेकीला मे महिन्यात बाळ होणार आहे. पहिलंच, म्हणून बाळंतपण माहेरी, नागपूरला. मी मामी, राहणार पुणे. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात सुया धरणारी मी एकटीच उरले आहे, त्यामुळे डोहाळजेवणाला चार बायकांसमोर नणंदबाईंनी परस्पर जाहीर केलं, "बाळंतविडा मामीचा!" नाही म्हणायची सोय ठेवली नाही.

करते. पण माझी एक अट आहे: नवी लोकर आणायची नाही. तुळशीबागेत त्या गल्लीत पाऊल टाकलं की काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि आमच्या ह्यांनाही. घरातल्या दिवाणात अंथरुणं कमी आणि लोकर जास्त अशी अवस्था आहे. तेव्हा काल स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसले आणि सगळं मोजलं.

पिस्ता रंगाची फोर प्लाय, म्हणजे बारीक धाग्याची, ८५ ग्रॅम. बेबी वूल म्हणूनच घेतली होती, गालाला लावली तरी टोचत नाही. त्याच जातीची पांढरी ६० ग्रॅम. काळी डबल निट, म्हणजे त्याहून जाड, ११० ग्रॅम, ह्यांच्या बिनबाह्यांच्या स्वेटरातून उरलेली. हळदीसारखी पिवळी, तीही डबल निट, ४० ग्रॅम. सासूबाईंचं एक जुनं कार्डिगन मी उसवून ठेवलंय, मरून, ते २०० ग्रॅमच्या आसपास भरलं. ही मात्र खरी लोकर असावी, मनगटाला नुसती लावली तरी खाजते. क्रोशाचा मलई रंगाचा दोरा, २० नंबरचा, दोन गुंड्या, तोरणातून वाचलेला. आणि मग पिशवीच्या तळाशी सुपारीपासून लिंबापर्यंत सगळ्या आकारांचे गोळे, ज्यांच्या चिठ्ठ्या कधीच गेल्या.

सुया ८, १० आणि १२ नंबरच्या आहेत. क्रोशाच्या लोकरीच्या आणि दोऱ्याच्या, दोन्ही आहेत. गोल सुई एक आहे, पण तिचं माझं पटत नाही.

टोपडं, मोजे, स्वेटर, दुपटं असा ठरीव संच मी इतक्यांदा विणलाय की आता झोपेत टाके पडतील. शिवाय त्यातलं निम्मं कपाटात जातं हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण माझ्याच मुलांचं तसंच्या तसं आहे अजून. भाचीला फोन करून विचारलं तर म्हणते, "मामी, तुला आवडेल ते कर गं." या उत्तराचा काय उपयोग?

तर सांगा, काय विणू? आणि त्या काळ्या लोकरीचं काय करू? मरून सोडली तर सगळ्यात जास्त तीच आहे आणि नेमकी तीच बाळाला चालत नाही.

वैदर्भी

मामी, मे महिन्यातलं नागपूर पाहिलं आहे का तुम्ही? पारा ४५ ला टेकते. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. बाळंतिणीच्या खोलीत दिवसरात्र कूलर सुरू असते आणि बाळाच्या अंगात एक पातळ सुती झबलं, बस. त्यात तुम्ही ॲक्रिलिकचं, म्हणजे कृत्रिम धाग्याचं, टोपडं पाठवून राहिल्या! ॲक्रिलिक घाम पीत नाही. घामोळ्यानं पोर लाल होईल आणि तुमच्या नणंदबाई ते टोपडं फोटोपुरतं घालून लगेच काढतील.

मेसाठी लोकरीला हातच लावू नका. तुमच्याकडे क्रोशाचा दोरा आहे ना, तो वापरा, पण नुसता दोऱ्याचा कपडा विणू नका. २० नंबरचा दोरा पिळाचा असते, त्याचं विणलेलं कापड बाळाच्या पाठीला दोरखंड लागते. जुनी सुती साडी काढा, धुऊन धुऊन मऊ झालेली. तिचं दुहेरी दुपटं शिवा, ९० बाय ९० सें.मी., आणि फक्त काठाला क्रोशा करा. कूलरच्या गारव्यात पोराच्या पायावर टाकायला तेवढंच लागते.

काठ करायची माझ्या आईची रीत सांगते. कापडात क्रोशाची सुई खुपसत बसायचं नाही, कापड फाटते. आधी साध्या सुईनं, त्याच दोऱ्यानं, चारी बाजूंनी काजाचा टाका घालून घ्यायचा, पाच-पाच मि.मी. अंतर ठेवून. मग त्या टाक्याच्या आडव्या दोऱ्यात क्रोशा अडकवून मुके खांब, म्हणजे क्रोशाचे बुटके टाके. कोपऱ्यात एका जागी तीन घालायचे, नाही तर कोपरा आत वळते. त्याच्यावर दुसरी ओळ अर्ध्या खांबांची, आणि थांबायचं. तोरणाला करता तशी मोठी जाळी करू नका, बाळाची बोटं अडकतात.

साडी आणि दोरा दोन्ही आधी गरम पाण्यातून काढा. एक आटलं आणि दुसरं नाही आटलं तर चारी काठांना चुण्या पडून बसतील.

सुलट_उलट

वैदर्भी, काजाच्या टाक्याची रीत झकास आहे, तोरणाच्या कापडी पट्टीलाही चालेल. माझ्याकडे एक अबोली रंगाची सुती साडी आहे, पदर विरलाय पण आतलं कापड लोण्यासारखं झालंय. दुपटं नक्की.

पण मग लोकर तशीच राहिली की! आणि एक सांगायचं राहिलं: भाचीचं स्वतःचं घर नाशिकला आहे. पावसाळा सरता सरता ती बाळाला घेऊन तिकडे जाईल.

गोदाकाठ

मग प्रश्न सुटलाच. ताई, तुम्ही बाळाचा जन्म धरून विणायला बसलात, म्हणून अडलंय. डिसेंबर धरा.

मेमध्ये जन्मलेलं मूल डिसेंबरात सात महिन्यांचं. नाशिकची थंडी पुण्याच्या थंडीपेक्षा बोचरी असते हे मी नाशिककर म्हणून अभिमानानं सांगते. निफाडकडे तर द्राक्षबागा वाचवायला रात्री शेकोट्या पेटवतात. तेव्हा लोकर लागणारच आहे, फक्त माप वेगळं. जन्मतः डोक्याचा घेर साधारण ३५ सें.मी. आणि छाती त्याहून थोडी कमी. सातव्या-आठव्या महिन्यात दोन्ही ४४ च्या आसपास. जन्माच्या मापाचं जे काही विणाल ते थंडी यायच्या आधीच तोकडं होईल, एकदाही अंगाला न लागता.

सात-आठ महिन्यांचं मूल एका जागी पडून नसतं, रांगायच्या तयारीत असतं. बाह्यांचा स्वेटर घातला की बाह्या फरशीवरून पुसत जातात, तोंडात जातात, ओल्या होतात, आणि ओली बाही म्हणजे सर्दी म्हणून आजी ओरडते. बिनबाह्यांचा करा. आत पूर्ण बाह्यांचा सुती कपडा आणि वर हा. छाती-पाठ ऊबदार राहिली की झालं. काळी डबल निट ११० ग्रॅम आहे ना? त्यात आरामात बसेल. रंगाचं नंतर बघू.

माझ्या वहीतलं माप देते, २२ टाके म्हणजे १० सें.मी. येत असतील तर. आधी तुकडा विणून मोजा, माझा हात सैल आहे.

पाठीला १० नंबरच्या सुयांवर ५८ टाके. दोन सुलट, दोन उलट, शेवटी दोन सुलट, अशी रिब ४ सें.मी. मग ८ नंबरच्या सुया घेऊन साधं विणकाम, एक सुई सुलट, एक उलट, खालपासून १६ सें.मी. होईपर्यंत. मुंढ्याला दोन्हीकडे तीन-तीन टाके बंद, पुढे एक सोडून एक सुईला दोन्हीकडे एकेक टाका कमी, असं चारदा. ४४ टाके उरतात. मुंढा १२ सें.मी. झाला की ११ खांद्याचे, मधले २२ गळ्याचे, ११ खांद्याचे. पुढचा भाग तसाच, फक्त गळा ५ सें.मी. आधी सुरू करायचा.

एक खांदा शिवू नका. तिथं सहा सुयांची पट्टी वाढवून दोन बटणं. ४४ सें.मी.चं डोकं अरुंद गळ्यातून ओढून काढताना मूल जे रडतं, त्यानंतर ती आई तो स्वेटर पुन्हा हातात धरत नाही.

दीड_वर्षांची_आई

माझी मुलगी दीड वर्षाची आहे, तेव्हा ताजा अनुभव. मला भेट आलेल्या विणलेल्या वस्तूंपैकी काय वापरलं ते सांगते.

मोजे: नाही. लोकरीचे गोंडस बूट, पुढे रिबिनीचा फुगा. एक लाथ, बूट पलंगाखाली. आमच्याकडे तिन्ही जोड्या एकेकट्या झाल्या आहेत. हातमोजे: अजिबात नाही, आणि ते विणूही नका. आतल्या बाजूला सुटलेला एखादा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो, आवळला जातो, बाहेरून दिसत नाही. बाळ का रडतंय हे कळेपर्यंत बोट सुजतं. पायमोज्यांतही हीच भीती. म्हणून मी आजही तिचे मोजे उलटे करून बघितल्याशिवाय घालत नाही.

ब्लँकेट: वापरलं, पण झोपेत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या सल्ल्यात स्पष्ट आहे की वर्षाच्या आतल्या झोपलेल्या बाळाजवळ सैल पांघरूण, उशी, मऊ खेळणी नकोत, आणि घरात टोपीही नको. आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. (सासूबाईंना हे पटवायला जो काळ गेला त्यात एक शाल विणून झाली असती.) त्यामुळे वैदर्भींच्या दुपट्याबद्दलही एवढंच म्हणेन, जागेपणी, कोणीतरी जवळ असताना.

सगळ्यात जास्त काय वापरलं? पायाच्या नळ्या! माझ्या मावशीनं पाठवल्या होत्या. तळवा नाही, टाच नाही, घोट्यापासून मांडीपर्यंत नुसती रिबची नळी. रांगताना गुडघे थंड फरशीला लागत नाहीत, लंगोट बदलताना काढाव्या लागत नाहीत, आणि बाळ वाढलं तरी रिब ताणली जाते, म्हणून दोन हिवाळे टिकल्या. दुसऱ्या हिवाळ्यात गुडघ्यापर्यंतच आल्या, तरी घातल्या.

तुमची पिस्ता फोर प्लाय यालाच आहे असं समजा. १० नंबरच्या सुया, ५० टाके, दोन सुलट दोन उलट, २० सें.मी. लांब, आणि कडेनं शिवून टाकायचं. टाके घालताना आणि बंद करताना हात सैल ठेवा, मांडीला वळ उठता कामा नये. मध्ये पांढऱ्याचे पट्टे घाला. जोडीला ३०-३५ ग्रॅम लागेल, म्हणजे दोन जोड्या होतील. एक धुवायला, एक पायात.

आणि गोंडे, मणी, रिबिनी, गळ्याशी बांधायचे दोर, यातलं काहीही नको. जे उपटता येतं ते तोंडात जातं.

टाकेमोड

चिठ्ठी हरवलेल्या गोळ्यांबद्दल दोन गोष्टी.

कशाचा धागा आहे ते जाळून बघा. बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून. खरी लोकर केस जळल्यासारखा वास सोडते, आपणहून विझते, आणि राख चिमटीत चुरली जाते. ॲक्रिलिक वितळतं आणि थंड झाल्यावर टोकाला टणक काळी गोळी राहते. सुती धागा कागदासारखा जळतो. यात मिश्र धागा फसवतो, तेव्हा वास आणि गोळी दोन्ही आलं तर मिश्र समजायचं.

जाडी कळायला धागा पट्टीवर शेजारी-शेजारी गुंडाळा, न ताणता, एक इंचभर. अकरा-बारा वेढे बसले तर डबल निट, चौदाच्या पुढे गेले तर फोर प्लायच्या घरातला. फोर प्लाय दुहेरी घेतला की डबल निटपेक्षा किंचित जाड पडतो, पण चालवून घेता येतो.

आता कोणीतरी "सगळ्या गोळ्यांचे चौकोन करून गोधडी जोडा" असं सुचवेलच, म्हणून आधीच हिशोब देतो. १० सें.मी.चा चौकोन, सगळ्या सुया सुलट, डबल निटमध्ये ७-८ ग्रॅम खातो. ८० बाय ८० ची गोधडी म्हणजे ६४ चौकोन, जवळजवळ अर्धा किलो लोकर. आणि प्रत्येक चौकोनाची दोन टोकं म्हणजे १२८ टोकं सुईनं आत ओवायची. मे महिन्यापर्यंत? शुभेच्छा.

एकाच रंगाचं लहान पांघरूण करायचं असेल तर कोपऱ्यापासून सुरू करा. तीन टाके, प्रत्येक सुईच्या सुरुवातीला एक वाढवत जायचं, आणि गोळा काट्यावर ठेवत राहायचं. निम्मं वजन संपलं की वाढवणं थांबवून प्रत्येक सुईला एक कमी करत यायचं. लोकर शेवटच्या कोपऱ्याशी संपते. "पुरेल का" ही धाकधूक नाही. थोडी कमीच वाढवा, बंद करायला हातभर धागा हाताशी हवा.

मरूनचं सांगतो. ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा. फडकं गुलाबी झालं तर बाळाच्या जवळपास नको, कारण ते चोखणार. आणि उसवलेला धागा कुरळा असतो. लडी करून, धुऊन, खाली हलकं वजन अडकवून वाळवल्याशिवाय विणलात तर टाके वेडेवाकडे येतील.

रमाकाकू

सगळं छान सांगताय गं पोरींनो, पण काळ्याचं कोणी बोलेना! अहो, पहिलटकरणीच्या बाळाला कोणी काळा स्वेटर पाठवतं का? काळं काय ते गालाला तीट लावतात तेवढं. मी अंधश्रद्धाळू नाही. पण नणंदेच्या सासरचे, मुलीच्या सासरचे, दहा माणसं बघणार. कशाला हवं उगीच? काळी लोकर ह्यांच्या कानटोपीला वापरा आणि मोकळ्या व्हा. पिवळ्या-पांढऱ्याचं काहीतरी करा.

वैदर्भी

काकू, थांबा थोडं. मेचं बाळ म्हणजे पहिली संक्रांत जानेवारीत, आठ महिन्यांचं. बोरन्हाण करतील की नाही? आमच्याकडे लूट म्हणतात. त्या दिवशी काळं नाही घालायचं तर कधी घालायचं? सगळे काळ्या झबल्यासाठी बाजारभर हिंडतात आणि शेवटी ते गुळगुळीत चमकणारं, न शोषणारं कापड घेऊन येतात, ज्याच्या शिवणी पोराला टोचतात.

मामी, काळा बिनबाह्यांचा स्वेटर संक्रांतीचा म्हणूनच पाठवा. मग कोण काय बोलते पाहू.

रमाकाकू

हं. संक्रांतीचं म्हणून पाठवलं तर कोणाची काही बोलायची टाप नाही, हे खरं. माझ्या डोक्यात आलं नाही.

पण मग हलव्याचे दागिने हवेत वर. माझ्या नातवाला मी घरी हलवा करून मुकुट, हार, बाजूबंद, सगळं केलं होतं. शेगडीपाशी बसून तिळावर पाक चढवताना काटा फुलला की जो आनंद होतो...

दीड_वर्षांची_आई

काकू, मुकुट किती वेळ टिकला? खरं सांगा.

रमाकाकू

फोटोपुरता. आणि हार त्यानं चाटला.

सुलट_उलट

मंडळी, तुम्ही माझं काम केलंत. या हार चाटण्यावरून मला सुचलं ते सांगते, चुकत असेल तर हाणून पाडा.

हलव्याचा हार वेगळा घालायचाच नाही. लोकरीला साखर चिकटते, काटे धाग्यात अडकतात, आणि आठ महिन्यांचं बाळ ते दाणे तोंडात घालणारच. त्यापेक्षा काळ्या स्वेटरवरच हार भरायचा. पांढऱ्या लोकरीचे गाठीचे टाके, हलव्याच्या दाण्यासारखे, गळ्याभोवती दोन पदरी, आणि मध्ये पदक पिवळ्याचं, केशरी हलव्यासारखं. बाजूबंदाला बाह्या नाहीत, म्हणून मुंढ्याच्या काठानं एकेक ओळ. चाटलं तर चाटू दे. आज रात्री एका तुकड्यावर बारा-पंधरा गाठी घालून बघितल्या: पांढरी फोर प्लाय एकेरी, सुईला दोन वेढे. एक वेढा दिला तर गाठ टाक्यांच्या मधून मागे जाते, तीन दिले तर लोंबते. दोनच बरोबर. आणि गाठ ज्या भोकातून वर आली त्याच भोकातून खाली न्यायची नाही, शेजारच्या टाक्याचा एक धागा मध्ये ठेवायचा, नाही तर सगळा दाणा मागे पळतो.

काळ्यावर रात्री टाके दिसत नाहीत ही एक कटकट. मांडीवर पांढरा टॉवेल टाकून बसले तेव्हा सुईच्या मागून उजेड आला आणि जरा बरं झालं. माझ्या वयाच्या बायकांनी करून बघा.

भाचीला पुन्हा फोन केला. या वेळी "काय करू" असं विचारलंच नाही. विचारलं, "वॉशिंग मशिनमध्ये टाकतेस की हातानं धुतेस?" लगेच म्हणाली, "मामी, हातानं धुवायचं असेल तर पाठवूच नकोस." असा प्रश्न विचारायला हवा होता. पुढे गडी आपणहून बोलायला लागला: फुगेवाल्या बाह्या नकोत, डोक्यावरून घट्ट काही नको, आणि "गुलाबी-निळ्याच्या भानगडीत पडू नकोस." आमच्या पिशवीत दोन्ही नाहीत, उत्तम.

म्हणजे ठरलं ते असं: आता दुपटं, अबोली साडीचं. पिस्त्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या नळ्या दोन जोड्या, डिसेंबरसाठी. काळा हलवा-स्वेटर संक्रांतीसाठी. टाकेमोड यांनी सांगितल्याप्रमाणे मरून रात्रभर फडक्यात ठेवली होती, फडकं सकाळी डाळिंबाच्या रंगाचं निघालं. ती परत दिवाणात गेली. सासूबाईंची आहे, टाकवत नाही.

नणंदबाईंना मात्र टोपडं हवंच आहे. बारशाला पाळण्यात घालताना कुंची-टोपडं नाही म्हणजे काय, असं म्हणाल्या. मे महिन्यातल्या त्या बारशाला काय करू?

आणि दुसरं, गाठीच्या टाक्यांची मागची बाजू. काळ्या स्वेटरच्या आतून सगळे पांढरे धागे एका दाण्यावरून दुसऱ्या दाण्यावर गेलेले दिसतात. दीड_वर्षांची_आई यांनी बोटाचं सांगितल्यापासून ते धागे मला झोप येऊ देत नाहीत.

टाकेमोड

दोन उपाय. एकतर प्रत्येक गाठीनंतर धागा मागच्या टाक्यांच्या पाठीतून ओवत न्या, मोकळा सोडू नका. किंवा, आणि मी हेच करीन, छातीच्या भागाला आतून सुती अस्तर लावा. गळ्यापासून खाली ७-८ सें.मी.चा तुकडा, कडा आत दुमडून बारीक हातशिलाईनं. लोकर ताणली जाते, कापड ताणलं जात नाही, म्हणून अस्तर रुंदीला थोडं ढिलं कापा. गाठीही जागच्या हलणार नाहीत.

बटणं शर्टाची, चपटी, चार भोकांची. दोऱ्यानं शिवा, लोकरीनं नको. लोकर झिजते.

गोदाकाठ

आणि मशिनमध्ये धुणार असेल तर चिठ्ठीवर लिहून पाठवा: उलटा करून, जाळीच्या पिशवीत, गार पाण्यात, आणि ॲक्रिलिकला इस्त्री करायची नाही. इस्त्री फिरवली की ते एकदाच लोळागोळा होतं, परत उठत नाही.

वैदर्भी

बारशाच्या टोपड्यासाठी त्याच अबोली साडीची कुंची शिवा, पातळ, एकेरी. दुपट्याला जो क्रोशाचा काठ तोच कुंचीला चेहऱ्याभोवती, एकच ओळ. तुमचा हात दिसतो, नणंदबाईंचा मान राहते. पाळण्यात घालायचं, फोटो काढायचा, आणि नाव ठेवून झालं की डोक्यावरून काढायचं. हनुवटीखाली दोर लावू नका, मागे मानेपाशी एक टाका चुणीचा घाला, तेवढ्यानं बसते.

कुंची आणि दुपटं एप्रिलमध्येच पाठवून द्या, मामी. मेमध्ये आमच्याकडे कुरिअरवाला पण दुपारी येत नाही.